ओठावरचा बिब्बा

मास्तर, तुमी शब्द लिहून घ्याले आले हे मले सुनेनं सांगतलं. डोंगरातल्या बोलीत मायले काय म्हनतेत, पान्याले काय म्हनतेत, इस्तवाले काय म्हनतेत, अशी लंबी यादी तुमच्या वहीत हाय म्हने, अन् अकोल्याच्या बाजारात कोनी तरी तुमाले सांगतलं का माळ्याची गंगू बुढी मूळची कोरकू हाय, तिले इचारा. ज्यानं सांगतलं त्याचं खोटं नाई. पन बसा पयले. शब्द मांगाच्या आंधी ते कुठी गेले हे ऐकून घ्या, मंग तुमी ठरवा काय लिवाचं ते. अन् मधात रडू-बिडू आलं तर बाहेर जाऊन या, माह्यासमोर कोनी रडलेलं मले चालत नाई.

माहा जलम डोंगरातला, अचलपुराच्या वरतं, जंगलात. आमचा ढाना, म्हंजे दहा-बारा झोपड्याईची वस्ती. बाप साग तोडाले जाये, तवा आगगाडीचं काम चालू झालं होतं अन् रुळाखाली टाकाले लाकूड लागे, तर त्या कामावर एक झाड असं उलटं पडलं का बाप त्याच्याखालीच राहिला. मंग माय अन् मी दोघीच. माय बोलकी होती, हे ध्यानात ठेवा मास्तर, लय बोलकी. झाडाशी बोले, बकरीशी बोले, चुलीतून धूर आला तर धुराले शिव्या देये. ढान्यातले लोक हासत, म्हनत हिच्या तोंडाले दारच नाई. हे काहून सांगून राहिली ते पुढं समजन.

त्या वक्ती समुद्रापार कुठीसी लढाई लागली होती म्हने, तिकडचा कापूस बंद झाला अन् आपल्या वऱ्हाडातल्या कापसाले असा भाव आला का लोक येडे झाले. जवारीच्या वावरात पऱ्हाटी, तुरीच्या वावरात पऱ्हाटी, देवळाच्या मांगं उलशी जागा होती तर तिथीही पऱ्हाटी. गाडीच्या चाकाले चांदीची पट्टी मारनारे होते म्हनतेत, मी काई पाह्यले नाई. पन येचाले हात पुरेनात. अन् समद्याईनं कापूस पेरला तर जवारी कोन पेरन, ते महाग झाली. आमी डोंगरातले, आमाले भाव-बिव काय समजते, आमाले एवढंच समजे का मडक्यात दाना नाई. मंग खालून एक मुकादम आला. म्हने एका पोट्टीमागं एक पोतं जवारी, होळीपर्यंत येचाले नेतो, होळीले घरी आनून सोडतो. मायनं दोन दिवस इचार केला अन् तिसऱ्या दिवशी पोतं घेतलं. मी असन नऊ-दहा वर्साची. निघतानी माय म्हनली, होळीले येजो झुमली, तुह्यासाठी मोहाची फुलं राखून ठेवते. झुमली म्हंजे मी. मी वाकणावरून मांगं पाह्यलं तर ते बकरीशी बोलून राहिली होती.

मुकादमानं मले चालवत चालवत पार बाळापुराकडं नेलं. इतकं दूर का मले परतीची वाटच ध्यानात राहू नये. तिथी एक पाटील होता, नाव नाई सांगत, त्याचे नातू अजून हायेत अन् माह्याकडूनच वांगे घेतेत. मोठं वावर, काळी माती, पाय टाकला का आत जाये. पाटलीनबाईनं मले पाह्यलं, केस पाह्यले, गोंदन पाह्यलं, अन् म्हनली आजपासून तू गंगू. अन् ह्या घरात ते जंगली बोलायचं नाई.

आता शिकवनी कशी झाली ते सांगते, तुमी शाळामास्तर, तुमाले कामी पडन. पाटलीनबाई भाकर हातात धरे अन् म्हने, म्हन भाकर. मी म्हनलं तर देये, नाई म्हनलं तर कुत्र्याले टाके. मीठ म्हन, तर मीठ. पानी म्हन, तर पानी. मारझोड नाई, काई नाई, शांतपनं. तिसऱ्या दिवशी मी वावरातून आली, गळा सुकला होता, अन् तोंडातून आपल्या बोलीतला पान्याचा शब्द गेला. पाटलीनबाई उठली, कोनाड्यातून बिब्बा आनला, सुई तापवली, बिब्ब्यात खुपसली, तिच्यावर जे तेल आलं ते माह्या खालच्या ओठाले लावलं. तुमाले बिब्बा माहीत हाय ना? जिथी लागला तिथी उततो, फोड येते, चामडी जाते. अन् तो बिब्बाही आमच्याच डोंगरातला, मास्तर, आमचेच लोक येचून बाजारात इकत. आठ दिवस मले भाकर चावता आली नाई, पेज पेली. हा पाहा वन, त्याचाच डाग. पान्याचा कोनता शब्द होता म्हनता? तेच तर, वन हाय, शब्द नाई.

पन मी हुशार होती. त्या एका हंगामात मी अशी बोलाले लागली का पाहुने म्हनत ही पोट्टी कोन्या कुनब्याची? पाटलीनबाई खूश. होळी आली अन् गेली, मुकादम काई आला नाई, अन् खरं सांगू, मीनंही कोनाले इचारलं नाई.

दुसऱ्या वर्सी भाव अजून चढला. आता नुसत्या पोट्ट्या नाई, मुकादमानं डोंगरातले बायामानसं धरून वीस-पंचवीस लोक आनले. त्याईले इथली बोली येईना अन् पाटलाले त्याईची. मंग पाटलाले माही आठोन झाली. म्हने गंगू, तू धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहा, मी सांगतो ते त्याईले सांग, ते काय बोलतेत ते मले सांग. तर मी धुऱ्यावर. सूर्य निघाला का मी त्याईच्या बोलीत ओरडो, उठा. मंग चाला. मंग हात चालवा, पाला येऊ देऊ नका, बोंड तोडू नका, गप राहा. याच्यासाठी मले नवं लुगडं भेटलं, डोक्याले तेल भेटलं, भाकरीवर तूप भेटलं, अन् वावरात येचावं लागेना. मले लय आवडलं. मनातलं सांगून राहिली, वरवरचं नाई. माह्याएवढी पोट्टी, अन् बाप्ये माह्या तोंडाकडं पाहत.

एक बुढा होता त्याईच्यात, बायकोले म्हनत होता का पलीकडच्या वावरवाला जास्त जवारी देते, आज अंधार पडला का निघू. त्याले वाटलं मी आपलीच पोट्टी. मी पाटलाले जाऊन सांगतलं. बुढ्याले बैलाच्या वादीनं मारलं, एवढं का तो नंतर बसून येचे. त्या दिवसापासून पाटलानं हुकूमच काढला, वावरात डोंगरातली बोली कोनी बोलायची नाई, फक्त गंगू बोलन. जो बोलन त्याच्या ओठाले बिब्बा. लावनार कोन? तर पाटलीनबाई म्हनली, मी काहून त्याईच्या तोंडाले हात लावू, गंगू लावन. मीनं लावला. एका पोट्टीले लावला, एका लेकुरवाळीले लावला, तिनं लेकराले निजवतानी गानं म्हनलं होतं. मोजू नका, मास्तर, वहीत एवढंच लिहा, गंगूनं लावला.

तिसऱ्या वर्सी जे लोक आले त्याईच्यात माही माय होती.

ते काई येचाले आली नव्हती. मी होळीले आली नाई, एक होळी गेली, दोन गेल्या, मंग तिनं बकरी इकली अन् मुकादमाच्या मांगं लागली का मलेही ने. कोन्या गावात नेन हे तिले माहीत नव्हतं, पन तिनं त्याच मुकादमाले धरून ठेवलं ज्यानं मले नेलं होतं. सकाळी समदे धुऱ्याले रांगीनं उभे, मी पाटलाच्या बाजूले, डोक्याले तेल, नवं लुगडं. अन् रांगीतून आवाज आला, झुमली. मंग समदं सांडल्यावानी, झुमली, मी न्याले आली, चाल घरी, चाल.

पाटील म्हने काय म्हनते ते?

मी म्हनलं पानी मांगते.

काहून म्हनलं असं? लोकाले मी आजवर सांगत आली का भेव वाटला, पाटील तिले मारन म्हून खोटं बोलली. ते खोटं हाय. मले लाज वाटली. तिच्या अंगावर चिंधी होती, केसात काड्या होत्या, पाय फाटले होते, अन् ते समद्याईसमोर माह्या नावानं वरडून राहिली होती, जे नाव तिथी कोनाले माहीत नव्हतं. मले वाटलं, आता मले बी रांगीत उभं करतीन. बस, एवढंच. पाटलानं तिले पानी द्याले लावलं, वरून, ओंजळीत. तिनं ते पेलं, माह्याकडं पाहत पाहत पेलं.

दुपारी ते माह्याजवळ आली. माहं मनगट धरलं, असं, अन् बोलाले लागली. तुमाले सांगतलं ना, बोलकी होती. दोन वर्साचं समदं तिनं एका दमात काढलं, बकरी इकली ते, मोहाची फुलं दोन्ही वर्सं राखली अन् दोन्ही वर्सं किडे पडले ते, झोपडीचा कूड पडला ते, वाटेत पाय सुजला ते, अन् मधात मधात, चाल घरी. मले समदं समजत होतं. एक एक शब्द. तेवढ्यात पाटलीनबाई भाकरी घेऊन आली अन् तिनं पाह्यलं. म्हनली, ही तुही कोन लागते गंगू?

मी म्हनलं कोनी नाई.

मंग काय बडबडून राहिली?

मी म्हनलं येडी हाय.

पाटलीनबाई म्हनली, येडी असो का शानी, हुकूम तो हुकूम. अन् ओच्यातून बिब्बा काढला. ते आता बिब्बा संगच ठेवत होती. सुई तापवाले इस्तो धुऱ्यावर होताच, मानसं चिलमीसाठी ठेवत. मीनं सुई तापवली, बिब्ब्यात खुपसली. अन् मायनं काय केलं? मले वाटलं पळन, मारन, केस धरन. ते खाली बसली, उकिडवी, अन् तोंड वर केलं माह्याकडं. लहानपनी माहं नाक पुसून घ्याले मी तिच्यासमोर असंच तोंड वर करत होती. मी लावला. खालच्या ओठाले. माह्या जिथी हाय तिथीच.

त्याच्यानंतर माय बोलली नाई. हंगाम संपेपर्यंत नाई. मी धुऱ्यावरून ओरडो उठा, ते उठे. चाला, चाले. समद्याईत पुढं तिचे हात चालत, पाटील म्हने ही येडी बाकी कामाले चांगली हाय. फोड आला, फुटला, सुकला, बोलता आलं असतं, तरी नाई. माह्याकडं पाहे, बस. मुकादम समद्याईले परत न्याले आला तवा ते धुऱ्यावर थांबली अन् उभीच राहिली. समदे पुढं गेले. मले वाटलं काई तरी बोलावं. अन् मी बोलली, तिच्याच बोलीत, चाल. ते गेली.

मंग भाव पडला, ते तुमाले पुस्तकातही भेटन. लढाई मिटली अन् कापूस कवडीमोल झाला. डोंगरातले लोक कोन आनते मंग, पाटलाले सोताचंच भागेना. धुऱ्यावर कोनी नाई तर माह्या तोंडाचं काय काम. पाटलीनबाईनं माहं लगन एका माळ्याशी लावून दिलं, अकोल्याचा, बिजवर होता पन मानूस चांगला, त्यानं मले कदी जात इचारली नाई. लेकरं झाली, मेथी-वांगे इकले. वीस वर्सं मी ते बोली कोनाशी बोलली नाई अन् कोनी माह्याशी बोललं नाई. कोनाशी बोलाची? लेकराईले शिकवावी असं एकदाही मनात आलं नाई, अन् आलं असतं तरी ओठाले आली नसती.

अन् एका बाजाराच्या दिवशी एक मानूस माह्या पालासमोर येऊन उभा राहिला, चारोळी अन् डिंक इकाले आला होता. भाजीकडं पाहीना, माह्या ओठाकडं पाहे. मोडक्या वऱ्हाडीत म्हने, तू झुमली. तो माहा मामा होता. म्हने तुही माय गेली. म्हने त्या वर्सी खालून आली तवापासून मरेपर्यंत बोलली नाई, आमाले वाटलं तिची वाचा गेली. आता आमच्याकडं कसं हाय मास्तर, मानूस मेलं का सागाची पाटी कोरतेत, चंद्र, सूर्य, घोडा कोरतेत, तिले मुंडा म्हनतेत, अन् झाडाखाली जुन्या पाट्याईच्या रांगीत उभी करतेत. जोपर्यंत उभी नाई तोपर्यंत मेलेलं मानूस बाहेर फिरते, त्याले घर नाई. आमच्या ढान्यात उभी करतानी पोटच्या लेकरानं हाक माराची असते, आपल्या बोलीत, ये माय, बस माय, पानी पे. दुसऱ्या बोलीतली हाक मेलेल्याले समजत नाई. अन् माय काई वऱ्हाडी शिकली नव्हती. मामा म्हने पाटी कोरून ठेवली हाय, तू चाल.

नवरा म्हने जा, माय हाय. अचलपुरापर्यंत बैलगाडीनं अन् मंग पायी. वाटभर मी आठवत गेली. मायले काय म्हनत होतो, ये कसं म्हनत होतो, पानी कसं म्हनत होतो. वाटलं ढाना दिसला का येईन, झाड दिसलं का येईन. मामाले इचाराले तोंड झालं नाई. सोताच्या मायले हाक कशी माराची हे कोनाले इचाराचं?

झाडाखाली समदा ढाना जमला होता, आजूबाजूच्या ढान्याईतलेही लोक आले होते. पाटी आडवी ठेवली होती, लय बारीक कोरली होती, घोड्याचे कान बी कोरले होते. भुमका, म्हंजे आमच्यातला पुजारी, काई बोलला, मामानं वऱ्हाडीत सांगतलं, हाक मार. मी तोंड उघडलं. मास्तर, मले लाज नाई आता सांगाची. शब्द आले. चांगले खनखनीत आले, आमच्याच बोलीतले, जरा बी अडले नाई.

उठा. चाला. हात चालवा. गप राहा.

तेवढेच होते. दुसरे नव्हते. मी पुन्हा तोंड उघडलं तर पुन्हा तेच, अन् आवाजही तोच, धुऱ्यावरचा. अन् त्या लोकाईत अर्धे तेच होते मास्तर, पाटलाच्या वावरातले. एका बाईनं पदरानं सोताचा ओठ झाकला. एक बुढा, खरंच सांगते तुमाले, बसला होता तो उठून उभा राहिला.

मामानं माहा हात धरून मले बाजूले केलं. भुमका काय म्हनला ते त्यानंच मले सांगतलं, ह्या हाकेवर पाटी उभी नाई करता येत, ही हाक तिनं जिती असतानी ऐकली हाय. म्हने जा, तुही बोली आली का परत ये, पाटी ठेवतो. कोनी मले शिव्या नाई दिल्या. जेवाले वाढलं, पानी देल्लं. वाढनाऱ्या बाईनं पानी घे असं म्हनलं असन, पन काय म्हनली ते मले समजलं नाई.

ते पाटी अजून झाडाले टेकवून ठेवली हाय. साग हाय, लवकर सडत नाई, पन वाळवीचं सांगता येत नाई. मामा जिता होता तोपर्यंत बाजारात येऊन सांगे, हाय अजून. आता तोही गेला.

तर आता वाचा तुमची यादी. दुसऱ्या ढान्याईतून तुमी लिहून आनलेच असतीन. मायले काय म्हनतेत ते वाचा. हं. पुन्हा वाचा. मी म्हनून पाहते. असंच ना? सून हासून राहिली, हासू द्या. काय सांगू मास्तर, तुमी म्हनता तर असन. मले तर तो तुमचाच शब्द वाटते, शाळेतला. आतून काई हाललं नाई. फकस्त हा ओठ चुनचुनला, वन हाय तिथी. म्हंजे बरोबर असन. तिले मी हेच म्हनत असन.

नाई, मी नाई जात आता वर हा शब्द घेऊन. कागदावरून वाचलेली हाक तिले समजन का नाई कोन जाने, अन् माह्या तोंडातून आली तर मांगून दुसरं काय येईन ह्याचा मले भरोसा नाई. तुमी लिहित राहा बाप्पा, तुमचं भलं होवो, तुमची लेकरं तुमाले तुमच्याच बोलीत हाक मारोत. अन् माह्याकडून रिकामे जाऊ नका. चार शब्द हायेत, पक्के हायेत, त्यात चूक निघाची नाई. उठा, चाला, हात चालवा, गप राहा. मी हळू हळू बोलते, तुमी लिहा. जसे मायनं ऐकले तसेच लिहा.